पोच घ्या, तारीख मागा, वही पुढे द्या

दुसऱ्या-तिसऱ्या वर्षातल्या काही विद्यार्थ्यांनी मिळून विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: "दोन वर्षांपासून आम्ही मानवी हक्कांवर काम करणारा गट चालवतो. सह्यांच्या मोहिमेत चारशे जण सह्या करतात, बैठकीला अकरा येतात. प्रत्येक निवेदनावर प्रशासन म्हणतं, समिती नेमू. चांगले कार्यकर्ते शेवटच्या वर्षाला गेले की दिसेनासे होतात. घरचे म्हणतात आधी पदवी घ्या, पक्षवाले म्हणतात आमच्यात या. यातून खरंच काही होतं का, की आम्ही आपलं मनाचं समाधान करून घेतोय?"

होतं. पण ज्यांनी सुरू केलं त्यांच्या डोळ्यांदेखत क्वचितच होतं, आणि तुमच्या बऱ्याचशा वैतागाचं मूळ तिथेच आहे. मी स्वतः विद्यार्थी चळवळीत सहा वर्षं काढली आणि त्यानंतर पंचवीसेक वर्षं हक्कभंगाच्या घटनांच्या नोंदी कशा घ्यायच्या, कशा जपायच्या हे शिकवतो आहे. तेव्हा उत्तर थोडं लांबेल आणि अधूनमधून माझ्याच चुकांवर घसरेल.

आधी तुमच्या अकरा जणांचं बघू. सही करायला पाच सेकंद लागतात, बैठकीला अख्खी संध्याकाळ जाते. चारशेला अकरा हे प्रमाण त्यामुळे मला अजिबात वाईट वाटत नाही. 1 फेब्रुवारी 1960 ला अमेरिकेतल्या ग्रीन्सबरो शहरात, वूलवर्थच्या दुकानातल्या फक्त गोऱ्यांना वाढणाऱ्या काउंटरवर जाऊन बसले ते पहिल्या वर्षाचे चारच विद्यार्थी होते. 25 जुलैला त्या काउंटरवर कृष्णवर्णीयांनाही वाढायला सुरुवात झाली. ही गोष्ट सगळ्यांना माहीत असते आणि सगळ्यांना आवडते, कारण तिच्यात चार शूर पोरं उठतात आणि इतिहास घडतो. मला मात्र तुम्हाला त्याच वर्षातली, अमेरिकेतल्याच नॅशव्हिल शहराची गोष्ट सांगायची आहे, जी सांगताना लोक घाई करतात. कारण तिचा निम्मा भाग तालमीचा आहे.

जेम्स लॉसन तेव्हा व्हँडरबिल्ट विद्यापीठात धर्मशास्त्र शिकत होते. 1959 मध्ये त्यांनी एका चर्चच्या तळघरात विद्यार्थ्यांच्या कार्यशाळा घ्यायला सुरुवात केली. काही जण गोऱ्या टोळक्याची भूमिका करायचे, शिव्या द्यायचे, खुर्चीवरून खेचायचे, तोंडावर धूर सोडायचे. बाकीच्यांनी नुसतं बसून राहायचं. उलट हात उचलायचा नाही, पाठ ताठ ठेवायची, तोंड काउंटरकडेच ठेवायचं, अशा नियमांचा कागद प्रत्येकाकडे असे. फेब्रुवारी 1960 मध्ये ते प्रत्यक्ष काउंटरवर जाऊन बसले तेव्हा यातलं काहीच त्यांना नवीन नव्हतं. मार्चमध्ये विद्यापीठाने लॉसन यांना काढून टाकलं. 19 एप्रिलला आंदोलकांच्या वकिलाच्या घरावर बॉम्ब पडला. त्याच दिवशी मोर्चा महापौरांच्या कचेरीवर गेला, आणि डायॅन नॅश या विद्यार्थिनीने महापौर बेन वेस्ट यांना सगळ्यांसमोर विचारलं की केवळ वर्णावरून माणसामाणसांत भेद करणं तुम्हाला स्वतःला योग्य वाटतं का. महापौरांना 'नाही' म्हणावं लागलं. 10 मेपासून काउंटर खुले होऊ लागले.

त्या दिवशी तिने घोषणा दिली नाही की मागण्यांची जंत्री वाचली नाही. एका नाव-गाव असलेल्या माणसाला एक प्रश्न विचारला, ज्याचं उत्तर हो किंवा नाही एवढंच देता येतं. तुमचं शेवटचं निवेदन काढा आणि बघा त्यात असा प्रश्न कुठे आहे. माझ्यासमोर येणाऱ्या दहातल्या नऊ निवेदनांत मागण्या बारा-पंधरा असतात, पहिली जागतिक शांततेची आणि शेवटची वाचनालयाच्या वेळेची, आणि त्यातली कुठली मागणी कोण मान्य करू शकतो याचा पत्ता लिहिणाऱ्यालाही नसतो. असं निवेदन वाचून अधिकाऱ्याला हायसं वाटतं. पंधरातली सर्वांत फुटकळ मागणी मान्य करून तो मोकळा होतो.

आता काळाचं. प्रशासनाला तुमच्याशी भांडायची फारशी गरजच पडत नाही. परीक्षा, सुट्ट्या आणि पदवीदान ही कामं त्याच्यासाठी परस्पर होत असतात. अमेरिकेतल्या डे मॉइनमध्ये डिसेंबर 1965 मध्ये व्हिएतनाम युद्धातल्या मृतांसाठी दंडाला काळी फीत बांधून आली म्हणून मेरी बेथ टिंकर या मुलीला शाळेने निलंबित केलं. ती तेव्हा 13 वर्षांची होती. विद्यार्थ्याचं अभिव्यक्तिस्वातंत्र्य शाळेच्या फाटकाशी संपत नाही असं सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी सांगितलं ते 24 फेब्रुवारी 1969 ला. तोवर ती 16 वर्षांची झाली होती, आणि तिच्याबरोबर फीत बांधणाऱ्या तिच्या भावाची शाळा संपलेली होती. तो खटला आजही त्या देशातल्या प्रत्येक शाळकरी आंदोलकाच्या कामी येतो. टिंकर भावंडांना त्यातून सुखाचं एकही शालेय वर्ष मिळालं नाही.

चिलीचं उदाहरण याहून बोचरं आहे. तिथे 2006 मध्ये शाळकरी मुलं रस्त्यावर उतरली. गणवेशावरून लोक त्यांना पेंग्विन म्हणत. 2011 मध्ये विद्यापीठांचे विद्यार्थी मोफत शिक्षण मागत महिनोन्महिने बाहेर राहिले. त्या उठावाच्या नेत्यांपैकी कामिला वायेहो, गाब्रिएल बोरिक, जॉर्जिओ जॅक्सन 2013 च्या निवडणुकीत संसदेवर निवडून आले, आणि बोरिक 2022 मध्ये 36 व्या वर्षी राष्ट्राध्यक्ष झाले. गरीब घरांतल्या विद्यार्थ्यांसाठी मोफत उच्च शिक्षण सुरू झालं 2016 मध्ये. म्हणजे 2011 मध्ये अश्रुधूर खाल्लेल्या बहुतेकांच्या पदव्या तोवर हातात पडल्या होत्या, आणि डोक्यावरचं शैक्षणिक कर्ज त्या कायद्याने उतरलं नव्हतं. "काही होतं का?" या तुमच्या प्रश्नाला मी हो म्हणतो तेव्हा ते हे असं 'हो' आहे. पटत नसेल तर आत्ताच बाजूला झालेलं बरं, त्यात लाज नाही.

पटत असेल तर मग काम वेगळ्या तऱ्हेने लावावं लागतं, आणि त्याचा माझ्या माहितीतला सर्वांत सुबक नमुना पॅसिफिक महासागरातला आहे. 2019 मध्ये वानुआतू या बेटांच्या देशातल्या साउथ पॅसिफिक विद्यापीठाच्या आवारात कायदा शिकणाऱ्या 27 विद्यार्थ्यांना वर्गात प्रश्न पडला की समुद्र चढत चालला आहे, तर आंतरराष्ट्रीय कायद्याकडून आपल्याला काय मिळू शकतं. त्यांनी ठरवलं की हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाला हवामानबदलाबाबत राष्ट्रांची कायदेशीर जबाबदारी काय आहे यावर मत द्यायला लावायचं. विद्यार्थी त्या न्यायालयात जाऊ शकत नाहीत. मत मागण्याची वाट संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेतून जाते आणि आमसभेत बसतात सरकारं. मग त्यांनी त्या भागातल्या देशांच्या नेत्यांना पत्रं लिहिली. वानुआतूच्या सरकारने पत्र उचलून धरलं. 29 मार्च 2023 ला आमसभेने तो ठराव एकमताने मंजूर केला, आणि 23 जुलै 2025 ला न्यायालयाने एकमुखी मत दिलं की हवामान राखण्याची राष्ट्रांवर कायदेशीर बंधनं आहेत.

वर्गातल्या प्रश्नापासून न्यायालयाच्या मतापर्यंत सहा वर्षं गेली, म्हणजे एका पदवीपेक्षा जास्त. हे निभावलं कारण त्यांनी सुरुवातीलाच वर्गाबाहेर टिकेल अशी संघटना उभी केली आणि पदवीनंतरही तीच पुढे चालवली. दुसरं, त्यांची मागणी एका वाक्यात मावणारी होती आणि ती पूर्ण करण्याचा अधिकार कोणाकडे आहे हे त्यांना माहीत होतं. (मत सल्ल्याच्या स्वरूपाचं आहे, त्याने एक टन कोळसाही आपोआप जळायचा थांबणार नाही, हेही खरं. पण जगभरचे वकील आता ते खटल्यांत मांडू शकतात.)

आता तुमच्या समितीकडे येतो, कारण सर्वांत जास्त विद्यार्थी मी तिथे हरताना पाहिलेत. समिती नेमणं हा होकारही नसतो आणि नकारही नसतो. तो फक्त मुदत वाढवण्याचा मार्ग असतो, आणि मुदत वाढली की तुमची संख्या घटते. आम्ही विद्यार्थी असताना वसतिगृहातल्या कंत्राटी सफाई कामगारांचा प्रश्न घेतला होता. त्यांना ठरलेल्या वेतनापेक्षा कमी पैसे मिळत आणि पूर्ण रकमेच्या पावतीवर सही घेतली जाई. आम्ही तीन दिवस ठिय्या दिला, चौथ्या दिवशी समिती जाहीर झाली, आम्ही पेढे वाटल्यासारख्या तोंडाने घरी गेलो. समितीची पहिली बैठक झाली अकरा महिन्यांनी. आमच्यातले दोघे तोवर पदवी घेऊन गेलेले.

त्यानंतर शिकलो ते असं. समिती म्हटल्याबरोबर चार गोष्टी त्याच बैठकीत कागदावर घ्यायच्या: कोण कोण आहेत, अहवाल कुठल्या तारखेला, तो कोणाकडे जाणार, आणि तोवर कारवाई थांबलेली असेल का. 'लवकरात लवकर' ही तारीख नव्हे. बैठक संपल्यावर त्याच संध्याकाळी, जेवायच्या आधी, बैठकीत काय ठरलं ते दहा ओळींत लिहून अधिकाऱ्याच्या कार्यालयीन पत्त्यावर ईमेल करायचं आणि शेवटी लिहायचं की यात काही चुकलं असेल तर दोन दिवसांत कळवावं. बहुतेक वेळा कोणी कळवत नाही, आणि तुमचं इतिवृत्त हेच एकमेव इतिवृत्त उरतं. कागदी निवेदन दिलं तर दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही. "साहेब आत आहेत, ठेवून जा" असं म्हटलं तरी नाही. खिडकीवरचा कारकून वैतागतो, वैतागू द्या. पण त्याच्याशी उद्धटपणे बोलू नका. निर्णय त्याने घेतलेला नसतो, आणि फाइल कुठे अडकली हे पुढे तुम्हाला तोच सांगणार आहे.

आणि हो, हे इतिवृत्त लिहिण्याचं, पोच जपण्याचं काम तुमच्याकडे कोण करतं ते एकदा बघा. मी पाहिलेल्या बहुतेक गटांत माइक मुलांच्या हातात आणि वही मुलींच्या हातात असते. वही जिच्याकडे असते तिला प्रकरण सगळ्यांत जास्त माहीत असतं, मग वाटाघाटीला तिलाच पुढे बसवा.

माझी सगळ्यात मोठी चूक याच सफाई कामगारांच्या प्रकरणातली. समिती लांबते आहे असं दिसल्यावर आम्ही चिडून पत्रक काढलं. त्यात एका बाईंची हकिकत छापली. नाव दिलं नव्हतं, आम्हाला वाटलं एवढी काळजी पुरे. पण त्या कुठल्या मजल्यावर काम करतात आणि त्यांना दोन जुळ्या मुली आहेत हे छापलं होतं, कारण ते वाचताना मनाला भिडत होतं. पत्रक सकाळी वाटलं. दुसऱ्या दिवसापासून त्या कामावर दिसल्या नाहीत. ठेकेदाराने काढलं. आम्ही त्यांची परवानगी घेतली होती का? घेतली होती. जिन्यात उभ्या उभ्या, पाच जणांच्या गराड्यात, "मावशी, छापू ना?" असं विचारून. ती परवानगी नव्हती.

पुढे मी हेच शिकवत आलो. हकिकत कशासाठी घेतो आहोत, कोण वाचेल, वाईटात वाईट काय होऊ शकतं, हे माणसाला एकट्याला, बसवून, त्याच्या भाषेत सांगायचं. एक दिवस जाऊ द्यायचा. मग पुन्हा विचारायचं. नाव काढून भागत नाही. मजला, कामाची पाळी, गावाहून कधी आले, मुलं किती, हे तपशील मिळून ओळख पटते. मूळ नोंद आणि छापायची नोंद वेगळी ठेवायची, आणि मूळ नोंद गटाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर कधीही टाकायची नाही.

फोटोंचंही तसंच. 16 जून 1976 ला दक्षिण आफ्रिकेतल्या सोवेटोमध्ये आफ्रिकान्स भाषेच्या सक्तीविरुद्ध निघालेल्या शाळकरी मुलांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. प्राणघातक गोळी लागलेल्या हेक्टर पीटरसन या मुलाला हातांवर घेऊन धावणारा तरुण आणि शेजारी आकांत करणारी हेक्टरची बहीण, हे सॅम न्झिमा यांनी टिपलेलं छायाचित्र जगभर गेलं. त्या चित्राने जे केलं ते शेकडो पत्रकांना जमलं नसतं. पण चित्रातल्या त्या तरुणाला, म्बुयिसा माखुबोला, पोलिसांच्या ससेमिऱ्यामुळे देश सोडावा लागला. 1978 मध्ये नायजेरियाहून आईला आलेल्या पत्रानंतर घरच्यांना त्याचा ठावठिकाणा लागला नाही. न्झिमांनाही छायाचित्र-पत्रकारिता सोडावी लागली. फोटो काढू नका असं मी म्हणत नाही. चेहरा दाखवायचा की नाही हे चेहऱ्याच्या मालकाने ठरवावं, आणि तेही मोर्च्याच्या धामधुमीत नव्हे तर आधी, एवढंच माझं म्हणणं आहे.

शक्यतांचं विचारलंत तर आज विद्यार्थ्यांपुढे सगळ्यात मोठी मोकळी वाट मला याच नोंदींच्या कामात दिसते. 2016 पासून अ‍ॅम्नेस्टी इंटरनॅशनलने बर्कली, एसेक्स, प्रिटोरिया अशा विद्यापीठांतल्या विद्यार्थ्यांना हाताशी धरून संघर्षग्रस्त भागांतून येणारे व्हिडिओ खरे की खोटे हे तपासायचं काम सुरू केलं. सावलीची दिशा, मागच्या डोंगराची रेघ, दुकानाच्या पाटीवरची लिपी, उपग्रहचित्रातलं छप्पर, असं एकेक जुळवत बसायचं. 2020 मध्ये बर्कलीचं मानवी हक्क केंद्र आणि संयुक्त राष्ट्रांचं मानवी हक्क कार्यालय यांनी अशा डिजिटल तपासाचे नियम 'बर्कली प्रोटोकॉल' म्हणून प्रसिद्ध केले. हे काम खोलीत बसून, रात्री दोन वाजता, अबोल माणसालाही जमतं. तुमच्या चारशेंमध्ये असे किती जण असतील जे घोषणा देणार नाहीत, पण हे आनंदाने करतील? त्यांना कोणी विचारलेलंच नसतं. सुरुवात अगदी साध्या शिस्तीपासून होते: मूळ फाइल जशीच्या तशी जपायची, कारण मेसेजिंग अ‍ॅपवरून फोटो पाठवला की तो आकुंचन पावतो आणि त्यातली वेळ-ठिकाणाची माहिती सहसा गळून पडते.

पक्षांबद्दल थोडक्यातच. एप्रिल 1960 मध्ये अमेरिकेतल्या त्या काउंटरवरच्या ठिय्या आंदोलनातल्या विद्यार्थ्यांची परिषद भरली तेव्हा वडीलधाऱ्यांच्या संघटनांना त्यांची युवा शाखा करायची होती. परिषद भरवणाऱ्या एला बेकर स्वतः पन्नाशी ओलांडलेल्या आणि अशाच एका संघटनेत कामाला होत्या. त्यांनी मुलांच्या बाजूने कौल दिला आणि एसएनसीसी (स्टुडंट नॉनव्हायोलंट कोऑर्डिनेटिंग कमिटी) ही विद्यार्थ्यांची स्वतंत्र संघटना झाली. पक्षात जाणं पाप नाही, जाऊन कायदे बदलणारेही वर आलेच आहेत. पण गटाच्या नावाने जाऊ नका. पक्षाचा मंडप आणि गाडी घेतलीत की पुढच्या अन्यायात त्याच पक्षाचा माणूस गुंतलेला निघाल्यावर काय करणार, हे आधी आपसात बोलून घ्या.

घरच्यांशी वाद घालून उपयोग नाही. त्यांना भीती वाटते आणि ती अनेकदा रास्त असते. आंदोलनात पुढे कोण उभं राहणार हे ठरवताना कोणाची शिष्यवृत्ती जाऊ शकते, कोणाचा व्हिसा, कोणाच्या घरी एकच मिळवता आहे, हे लक्षात घ्या. सगळ्यांनी सारखाच धोका पत्करावा हा हट्ट मला क्रूर वाटतो. वकिलाचा फोन नंबर आधी मिळवून ठेवा. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने 9 डिसेंबर 1998 ला स्वीकारलेल्या जाहीरनाम्यानुसार, मानवी हक्कांसाठी एकट्याने किंवा इतरांसोबत काम करण्याचा अधिकार प्रत्येकाला आहे. त्यासाठी पदवी किंवा नोंदणीकृत संस्था लागत नाही. पूर्वसूचना दिली नाही एवढ्यावरून शांततापूर्ण सभेत सामील होणं बेकायदा ठरत नाही, असं संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीने 2020 मध्ये म्हटलं आहे. दोन्ही गोष्टी दारात आलेला पोलीस ऐकून घेईलच असं नाही, पण वकिलाच्या अर्जात त्या कामी येतात.

शेवटच्या वर्षाची मुलं गायब होतात कारण त्यांना निरोप दिला जातो, काम सोपवून घेतलं जात नाही. परीक्षेच्या दोन महिने आधी त्यांना दोन संध्याकाळी बसवा आणि पहिल्या वर्षाच्या मुलांना प्रश्न विचारू द्या. कोणत्या अधिकाऱ्याने काय कबूल केलं होतं, कोणता पत्रकार फोन उचलतो, कोणतं निवेदन कुठे पडलंय, कशात आपण तोंडघशी पडलो. सगळं एका वहीत. तोंडघशी पडलेलं तर आधी.

सफाई कामगारांच्या प्रकरणानंतर नऊ वर्षांनी मला एका मुलीचा फोन आला. ती त्याच संस्थेत शिकत होती, आमच्या वेळी प्राथमिक शाळेत असेल. कामगारांनी थकीत वेतनासाठी दावा लावला होता आणि संस्था म्हणत होती की त्या काळात आमच्याकडे एकही तक्रार आली नव्हती. तुमच्याकडे काही आहे का? आम्ही सात निवेदनं दिली होती. पोच फक्त एकाची घेतली होती, तीही खिडकीवरच्या कारकुनाने स्वतःहून शिक्का मारून दिला म्हणून. तो कागद एका मित्राच्या घरी जुन्या पासबुकांच्या पिशवीत सापडला, आवक क्रमांकासह. तो दाखल झाला आणि चौदा जणांना पैसे मिळाले. जुळ्या मुलींच्या आईचं नाव यादीत नव्हतं. त्यांचा पत्ता आमच्यापैकी कोणीच लिहून ठेवला नव्हता.